वृक्कवाहिन्यांतील भेद
वृक्कवाहिन्यांतील भेद : वृक्कास (मूत्रपिंडास) रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या व तेथून रक्त परत नेणाऱ्या नीला यांची संख्या, उगम व मार्ग यांत आढळणारी जन्मजात भिन्नता. महारोहिणीपासून प्रत्येक वृक्काकडे एकच रोहिणी जाते, असे सर्वसाधारण वर्णन असले, तरी सु. चतुर्थांश व्यक्तींत निदान एका बाजूस एकाहून अधिक रोहिण्या असतात. हा रोग नव्हे. गर्भावस्थेत वृक्क श्रोणीतून कटिभागाकडे सरकते. त्या वेळी ते क्रमाक्रमाने वरच्या पातळीवरील नव्या रोहिण्यांकडून रक्त घेते व खालच्या लोप पावतात. लोप न पावलेली रोहिणी जादा रोहिणी म्हणून टिकते.

यूस्टाकी या इटालियन शारीरविज्ञांच्या वृक्कविषयक लेखनात (१५६४) अशा भेदांची दखल घेतलेली आढळते. परंतु पुढे दीर्घकाळ ते केवळ कुतूहलाचा विषय राहिले. १९५४ मध्ये ग्रेव्ह्‌झ यांनी वृक्काचे रक्तपुरवठ्यानुसार पाच खंड दाखविले. या खंडांच्या रोहिण्या परस्परांशी जोडलेल्या नसल्यामुळे एक बांधली गेल्यास तेवढा खंड मृत होतो. त्याच वर्षी बॉस्टन येथे जोझेफ मरी यांनी जुळ्या भावांमध्ये वृक्काचे पहिले यशस्वी प्रतिरोपण केले. भारतातील पहिले वृक्क-प्रतिरोपण १९६५ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात झाले. त्यामुळे या भेदांना शस्त्रक्रियेत निर्णायक महत्त्व आले. वृक्काच्या खालच्या टोकाकडे जाणारी बारीक रोहिणी मूत्रवाहिनीसही रक्त पुरविते. ती तुटल्यास रोपित वृक्काची मूत्रवाहिनी सडून मूत्र झिरपू लागते. डावी नीला उजवीपेक्षा लांब असल्याने जोडण्यास सोयीची ठरते, म्हणून दात्याचे शक्यतो डावे वृक्क घेतात. मात्र त्या बाजूस अनेक रोहिण्या असल्यास निवड बदलावी लागते.

या भेदांचे मूळ ज्ञान शवविच्छेदनातून मिळते. मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना निजामी राजवटीत वैद्यकीय शिक्षणासाठी प्रदेशाबाहेर जावे लागे. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९५६ मध्ये, नांदेड येथे १९८८ मध्ये व लातूर येथे २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघाल्यावर विच्छेदनाची सोय त्यांच्या प्रदेशातच झाली. मुंबई राज्यातील १९४९ च्या शरीररचनाशास्त्र अधिनियमाने बेवारस प्रेते अध्यापनासाठी मिळण्याची कायदेशीर तरतूद केली होती. स्वेच्छेने देहदान करण्याची प्रथाही पुढे रुजली. आता संगणकीय छेददर्शनाने दात्याच्या वाहिन्या शस्त्रक्रियेपूर्वीच दिसतात. तथापि अतिसूक्ष्म रोहिणी त्यातही निसटू शकते. निरोगी दात्याचा जीव धोक्यात येऊ नये, यासाठी शस्त्रक्रियाविशारदास अशा भेदांची अपेक्षा आधीपासूनच ठेवावी लागते.