पदवीचे माप आणि खरेशास्त्री

गेल्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी आजऱ्यास घरी आला होता. डॉक्टरेटसाठी तो या भागातील जुन्या कागदांचा अभ्यास करतो. हिरण्यकेशीच्या काठाने फिरताना म्हणाला, "गुरुजी, मराठीत लिहिलेला लेख मुलाखतीत कोणी उघडूनही पाहत नाही. इंग्रजीत काय छापले, तेवढेच विचारतात." माझ्या नावापुढे पदवी नाही, मी काय सांगणार? पण त्या रात्री वासुदेवशास्त्री खरे आठवले.

विद्वत्तेचे हे माप आले कोठून? 1857 साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुंबई विद्यापीठ निघाले. उच्च शिक्षण इंग्रजीतून, आणि मानाच्या जागा बहुधा साहेबाच्या. रामकृष्ण गोपाळ भांडारकर एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतच्या प्राध्यापकाचे काम हंगामी म्हणून पाहत होते. तरी 1873 साली ती जागा विलायतेहून आलेल्या पीटर पीटरसन यांना मिळाली. संस्कृत आपले, पंडित आपला, खुर्ची मात्र दुसऱ्याची!

खरेशास्त्र्यांना तर ती वाटही नव्हती. जन्म 1858 चा, गुहागरचा. शिक्षण जुन्या शास्त्री परंपरेतले. नोकरी मिरजेच्या शाळेत संस्कृत शिक्षकाची. मुलांच्या वह्या तपासता तपासता या गृहस्थाने पटवर्धनांच्या दप्तरातील मोडी पत्रे वाचून काढली, निवडली, आणि 1897 पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' म्हणून छापण्यास आरंभ केला. 1924 साली ते वारले, तोवर बारा भाग निघाले होते. पानिपतानंतरच्या मराठेशाहीचा अभ्यास त्यांना वगळून होत नाही. इचलकरंजी संस्थानचा इतिहासही त्यांचाच. आमचा आजरा त्याच जहागिरीतला. म्हणजे आमच्या गावाची मागची हकीकत आम्हांला दिली ती एका शाळामास्तराने, आणि मराठीत.

इंग्रजीशी माझे वैर नाही. भांडारकरांनी इंग्रजीत लिहिले, आणि 1885 साली जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठाने त्यांचा सन्मान केला. जगाशी बोलायचे तर जगाला कळेल असे बोलावेच लागते. पण ज्यांचा इतिहास, त्यांनाच तो वाचता येऊ नये, याला काय म्हणावे? साहेब 1947 साली गेला. 1962 साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ झाले, शिक्षण दाराशी आले. माप मात्र अजून पुष्कळसे जुनेच आहे.

सकाळी निघताना विद्यार्थ्याने एक गोष्ट सांगितली. ज्या म्हातारबाईंनी त्याला माळ्यावरचा रुमाल काढून दिला, त्यांनी एकच विचारले होते : "बाळा, आमच्या कागदात लिवलंय तरी काय?"

मी म्हटले, "नोकरीसाठी इंग्रजीत लिही. पण त्या आजींना वाचून दाखवता येईल असा एक लेख मराठीत लिही. तुझी खरी परीक्षा तीच."

वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत तुमच्याही माळ्यावर मोडी कागदांचा एखादा रुमाल सापडेल. रद्दीत टाकण्यापूर्वी कोणा जाणत्याला दाखवा. न जाणो, त्याची वाट पाहणारा एखादा खरेशास्त्री तुमच्याच गावच्या शाळेत असेल.