सरकारी पैशाची इमारत, आणि तिचं दार

आजचा भाग पंचवटीतला आहे, पण सीतागुंफा बघायला जायचं नाहीये. काळारामाच्या दारापर्यंत जाऊ, पण शाळेच्या वाटेने.

नाशिकचं नाव सप्टेंबर २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या यादीत आलं. त्यातून नदीपलीकडच्या, शालिमारजवळच्या कालिदास कलामंदिराचं नूतनीकरण झालं आणि ते २०१८ मध्ये पुन्हा उघडलं. पुढे महापालिकेच्या साठहून जास्त शाळांमधल्या साधारण साडेसहाशे वर्गखोल्या 'स्मार्ट' करायचं काम निघालं. डिजिटल बोर्ड, संगणक वगैरे. आता २०२७ च्या सिंहस्थामुळे निधी, टेंडर, घाट, रस्ते हे शब्द पंचवटीत रोज कानावर पडतात.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. नवीन सिस्टीम आली की आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, ॲक्सेस कुणाकुणाला द्यायचा? स्क्रीन केवढी, रंग कोणता, हे नंतरचं. हाच प्रश्न घेऊन मी शाळांचा इतिहास वाचायला बसलो, तर एक शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा समोर येत राहिला: 'सार्वजनिक पैशातून'. वाचायला अगदी कंटाळवाणा, ऑफिसातल्या फायलीसारखा. पण या दोन शब्दांनी बरीच दारं उघडली आहेत.

सुरुवात १८५६ ची. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथल्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. फी भरायची तयारी होती, तरी नकार मिळाला. एका मुलासाठी बाकीची पोरं शाळा सोडतील, ही भीती. प्रकरण पार लंडनला कंपनीच्या संचालकांपर्यंत गेलं. १८५८ मध्ये मुंबई सरकारने जाहीर केलं की ज्या शाळा पूर्णपणे सरकारी खर्चाने चालतात, त्या सगळ्या प्रजेला खुल्या आहेत. 'पूर्णपणे' हा शब्द लक्षात ठेवा. ज्यांना सरकारचं फक्त अनुदान मिळत होतं, त्या शाळा सुटल्या.

आणि कागदावर उघडलेलं दार खरोखर उघडतंच असं नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच मांडलं. सरकारी तिजोरी भरते कष्टकऱ्यांच्या घामाने, आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे. महार-मांगांच्या मुलांना इतरांच्या शेजारी बसूच देत नाहीत, त्यामुळे ती शाळेच्या बाहेरच राहतात. आज आपण बजेटवर चर्चा करतो ना, त्यातला सगळ्यात टोकदार प्रश्न फुल्यांनी तेव्हाच विचारला होता: पैसा कुणाचा आणि वापरतंय कोण?

आता १९२३. या वर्षी मुंबई कायदेमंडळात दोन गोष्टी घडल्या. पहिली, प्राथमिक शिक्षणाचा कायदा. त्याने प्राथमिक शाळांचा कारभार नगरपालिका आणि लोकल बोर्डांकडे आला. नाशिकची नगरपालिका १८६४ ची, म्हणजे तोवर चांगली मुरलेली. दुसरी, ४ ऑगस्टला सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सार्वजनिक शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव. मंजूर झाला.

आता एक गंमत, म्हणजे कडू गंमत. त्या काळी कितीतरी प्राथमिक शाळांना स्वतःची इमारतच नव्हती. कुठे देवळाच्या ओवरीत वर्ग, कुठे धर्मशाळेत, कुठे भाड्याच्या वाड्यात. मास्तरांचा पगार सार्वजनिक पैशातून, पण उंबरठा देवळाचा किंवा घरमालकाचा. मग प्रवेश मिळालेलं पोर बसणार कुठे? बाहेर, पायरीवर. म्हणून शाळेची स्वतःची इमारत हा माझ्या मते फक्त सोयीचा मुद्दा कधीच नव्हता. आपण चार भिंती आणि पत्रे मोजतो, पण उंबरठा कुणाच्या मालकीचा हेही त्यात ठरत होतं.

पंचवटीत ही रेषा स्पष्ट दिसते. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांच्या संघटनकौशल्यावर, सुमारे १५ हजार माणसं काळाराम मंदिराकडे निघाली. दरवाजे बंद केले गेले. हे मंदिर पेशवाईतल्या सरदार ओढेकरांनी बांधलेलं. बोले ठरावात विहीर होती, शाळा होती, दवाखाना होता. देऊळ नव्हतं. म्हणजे त्याच पंचवटीत नगरपालिकेच्या शाळेत बसायचा हक्क सरकारने कागदावर मान्य केलेला, आणि मंदिराची पायरी चढायला मात्र सत्याग्रह. तो पाच वर्षं चालला. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ साली आला.

मधल्या काळात नगरपालिका काय करत होत्या? महाडने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला, आणि १९२७ च्या सत्याग्रहानंतर ऑगस्टमध्ये तो मागेही घेतला! हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ मध्ये. बोले मात्र हुशार माणूस. नुसत्या विनंतीने नगरपालिका हलत नाहीत हे त्यांना कळलं होतं. ५ ऑगस्ट १९२६ ला दुसरा ठराव आला: जी नगरपालिका पहिला ठराव पाळणार नाही, तिला सरकारने अनुदान देऊ नये. आज 'अट पूर्ण करा, मग पुढचा हप्ता' असं निधीच्या प्रत्येक योजनेत असतं. ते तंत्र शंभर वर्षांपूर्वी जातिभेदाविरुद्ध वापरून बघितलं होतं, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

तोच शब्दप्रयोग पुढे थेट संविधानात गेला. कलम १५(२) काढून बघा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते, जे पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून राखले जातात. १८५८ मध्ये 'पूर्णपणे' होतं, आता 'अंशतः' सुद्धा चालतं. स्नानघाट वाचलं की पंचवटीच्या माणसाला रामकुंडच आठवणार. आणि कलम २९(२) मध्ये राज्याच्या निधीतून मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थाही आल्या. धारवाडची पळवाट बुजवायला ९२ वर्षं लागली.

मग आजच्या स्मार्ट वर्गाचं काय? बोर्ड चांगलाच आहे, मी तर टेक्नॉलॉजीवरच जगतो. पण १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यात इमारतीचे निकष दिलेत, त्यात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आहेत, पिण्याचं पाणी आहे, आणि अडथळ्याविना प्रवेश आहे. अडथळ्याविना प्रवेश म्हणजे व्हीलचेअरवरचं मूल वर्गापर्यंत पोचलं पाहिजे. त्याला ८६ इंची स्क्रीन दाखवून उपयोग नाही, जर मध्ये चार पायऱ्या असतील. कालिदास कलामंदिरातही नूतनीकरणानंतर वाद पेटला तो भाडेवाढीवरून. खुर्च्या नव्या आल्या, पण छोट्या हौशी नाटकमंडळींना दार परवडणार का, असा तो प्रश्न.

सरकारच्या यूडायस प्लस या साइटवर प्रत्येक शाळेचं रिपोर्ट कार्ड बघता येतं, मोबाईलवरही. तुमच्या गल्लीतली महापालिकेची शाळा शोधा आणि संगणकांच्या आधी रॅम्पचा रकाना बघा. सापडलं ते मला पाठवा. पुढच्या भागात आपण व्हिक्टोरिया पुलावर, म्हणजे आताच्या अहिल्यादेवी होळकर पुलावर भेटू.