मितपानाचे मोजमाप : मद्रास, मराठी नाटक आणि एका वैद्यकीय कल्पनेची वाटचाल

मद्य थोडे घेतल्यास प्रकृतीला हितकारक आणि अधिक घेतल्यास घातक, ही समजूत इतकी रूढ आहे की तिलाही इतिहास असेल असे सहसा मनात येत नाही. वस्तुतः ‘थोडे’ म्हणजे किती, ते कोणी ठरवावे आणि कोणासाठी ठरवावे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे काळागणिक व प्रदेशागणिक बदलत आलेली आहेत. मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, आणि मराठी मुलूख या दोन प्रदेशांतील मद्यविषयक वाङ्मय, कायदे व वैद्यकीय धारणा शेजारी ठेवून पाहिल्यास या बदलांचे स्वरूप स्पष्ट होते. त्यांत दोन युक्तिवाद सतत एकमेकांत मिसळलेले दिसतात. पहिला उताराचा : पहिला पेला शेवटच्या पेल्याकडे नेतो. दुसरा मात्रेचा : अपाय प्रमाणावर अवलंबून असतो. साहित्याने प्रामुख्याने पहिला मांडला, वैद्यकाने दुसरा. कायद्याने मात्र बहुतेक वेळा पिणारा कोण, एवढेच पाहिले.

१

प्राचीन तमिळ काव्यात ‘कळ्ळु’, म्हणजे ताडी, हा निषिद्ध पदार्थ नाही. ‘पुरनानूरु’ या चारशे कवितांच्या संग्रहात अव्वैयार या कवयित्रीने अदियमान या राजाच्या मृत्यूवर रचलेले विलापगीत आहे. मद्य कमी असताना काय होई आणि पुष्कळ असताना काय होई, याची आठवण तीत येते. परंतु तेथे कमी-अधिकाचा प्रश्न आरोग्याचा नसून वाटपाचा आहे. मद्याचे प्रमाण हे राजाच्या औदार्याचे माप ठरते.

‘तिरुक्कुरळ’मध्ये हे चित्र पालटते. त्याच्या १३३ अध्यायांपैकी ९३वा अध्याय मद्यपान न करण्याविषयीचा आहे. ९४वा द्यूताविषयी आणि ९५वा औषधाविषयी आहे. हा क्रम लक्षणीय म्हटला पाहिजे. औषधाच्या अध्यायात आरोग्याचे मुख्य साधन म्हणून मिताहार सांगितला आहे : आधीचे अन्न जिरल्यावर, भूक ओळखून, बेताने खावे. म्हणजे मात्रेची कल्पना ग्रंथकर्त्याला पूर्णपणे परिचित आहे. तरीही दोनच अध्याय आधी मद्याचा विचार करताना तो कोणतीही मात्रा सांगत नाही. अन्नाला माप आहे, मद्याला नाही. याउलट चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील मदात्यय अध्याय विधिपूर्वक आणि युक्तीने घेतलेल्या मद्याचे गुण मान्य करतो, ते ऋतू, प्रकृती व आहार यांच्याशी जोडतो आणि मदाच्या वाढत्या अवस्था सांगून त्यांपुढील धोका दाखवितो. मितपानाचा वैद्यकीय विचार युरोपातूनच भारतात आला, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. मात्रा मानणारी आणि मात्रा नाकारणारी, अशा दोन्ही भूमिका येथे प्राचीन काळापासून आहेत.

कुरळचा हा विचार मराठीत येण्याची वाटही उल्लेखनीय आहे. स्वातंत्र्य चळवळीतील कारावासात साने गुरुजी तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात होते. तेथे त्यांचा तमिळशी परिचय झाला आणि पुढे त्यांनी कुरळ मराठीत आणला. ज्या पिढीने मद्याच्या दुकानांपुढे निरोधन केले, त्याच पिढीने हा अनुवाद वाचला.

२

बिअर दक्षिणेत आली ती प्रामुख्याने लष्कराच्या पाठोपाठ. मद्रास इलाख्यातील गोऱ्या सैनिकांचे नेहमीचे मद्य म्हणजे स्थानिक अरक. हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्यस्थितीचा विचार करणाऱ्या शाही आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. सैनिकांच्या मृत्यूंची कारणमीमांसा करताना तीव्र मद्याचा त्यात विचार झाला होता, आणि सौम्य म्हणून बिअरकडे झुकण्याचा कल त्या काळच्या लष्करी वैद्यकात दिसतो. निलगिरीतील कॅसल ब्रुअरी १८५७ पासूनची. अशा पाच ब्रुअऱ्या एकत्र करून १९१५ मध्ये थॉमस लीशमन यांनी युनायटेड ब्रुअरीज ही कंपनी स्थापन केली. अशा रीतीने दक्षिण भारतात बिअरची ओळख ‘कमी वाईट’ पेय म्हणून झाली.

हीच सवलत ताडीला मात्र मिळाली नाही. ताडी आंबल्यानंतर तिच्यातील मद्यांश सर्वसाधारणपणे बिअरच्या आसपासचा असतो. कोकणातील माडीचेही तेच. तथापि मुंबईचा १८७८ चा आणि मद्रासचा १८८६ चा अबकारी कायदा यांनी ताडीकडे पाहिले ते महसूल म्हणून. झाडांवर कर आणि दुकानांचे लिलाव यांतून सरकारी तिजोरी भरू लागली. जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेकडे गावातील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध तक्रार केली, ती या पार्श्वभूमीवर. १९०८ मध्ये टिळकांच्या नेतृत्वाखाली पुण्यात दुकानांपुढे निरोधन झाले, तेव्हा दारूबंदी आणि सरकारविरोध हे एकच कार्यक्रम होऊन बसले. सरकारी महसूल आणि प्रजेचे आरोग्य यांतील विरोध उघड झाल्यावर ‘किती प्यावे’ हा प्रश्न मागे पडून ‘कोणाच्या लाभासाठी’ हा प्रश्न पुढे आला.

३

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक त्यांच्या निधनानंतर अल्पावधीतच, १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास रंगभूमीवर आणले. गणपतराव बोडसांचा सुधाकर आणि बालगंधर्वांची सिंधू या भूमिका मराठी रंगभूमीच्या स्मृतीत कायम झाल्या. नाटकाचे शीर्षकच मितपानाच्या कल्पनेला दिलेले आव्हान आहे. सुधाकर बुद्धिमान वकील आहे. न्यायालयातील अपमानाने पोळलेल्या अवस्थेत तळीराम त्याला पहिला पेला देतो. पुढील सर्व नाश त्या एका पेल्यात साठवलेला आहे, असे नाटकाचे तर्कशास्त्र सांगते. गडकऱ्यांचा रोख अडाण्यांच्या ताडीवर नाही. बेताने पिणे हे सुसंस्कृततेचे लक्षण मानणाऱ्या नवशिक्षित वर्गावर तो आहे, आणि ‘आर्य मदिरा मंडळा’चे प्रहसन त्याच वर्गाचे आहे.

तमिळमध्ये याच्याशी ताडून पाहता येईल असे लेखन चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे आहे. तिरुचेंगोडजवळच्या गांधी आश्रमातून १९२९ च्या सुमारास त्यांनी ‘विमोचनम्’ हे दारूबंदीला वाहिलेले नियतकालिक काढले. संपादनात त्यांचे साहाय्यक होते पुढे ‘कल्कि’ या नावाने प्रसिद्धी पावलेले कृष्णमूर्ती. राजाजींच्या ‘दिक्कट्र पार्वती’ या कथेत ताडी आणि कर्ज यांच्या कात्रीत सापडलेले एक गरीब दांपत्य आहे. सिंगीतम श्रीनिवास राव यांनी १९७४ मध्ये तिच्यावर चित्रपट केला.

सिंधू आणि पार्वती यांचे साम्य सहज नजरेस येते : दोन्हीकडे दारू पुरुष पितो आणि किंमत स्त्री देते. पण भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. गडकऱ्यांच्या नाटकात अपाय मनाच्या उतारावरून येतो. राजाजींच्या कथेत तो घराच्या जमाखर्चातून येतो. वकिलाला वाचविण्यासाठी पहिला पेला टाळणे पुरेसे ठरले असते. शेतमजुराच्या घरात मात्र दुकान आणि सावकार दोघेही दाराशी उभे असतात. मितपान करू शकणारा मनुष्य दोन्ही कृतींतून वगळलेला आहे, परंतु वगळण्याची कारणे भिन्न आहेत.

४

राजाजी मद्रासचे पंतप्रधान झाल्यावर १ ऑक्टोबर १९३७ रोजी सेलम जिल्ह्यात दारूबंदी सुरू झाली. बुडालेल्या अबकारी उत्पन्नाची भरपाई करण्याच्या प्रयत्नांतून १९३९ चा सर्वसाधारण विक्रीकराचा कायदा आला. त्याच वर्षी १ ऑगस्टला मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. तेव्हाच्या खेर मंत्रिमंडळात आरोग्य आणि अबकारी ही खाती डॉ. एम. डी. डी. गिल्डर यांच्याकडे होती. ते स्वतः हृदयरोगतज्ज्ञ होते. अल्प मद्य हृदयाला हितकारक असल्याची चर्चा पुढे जगभर गाजली, हे लक्षात घेता हा योगायोग नोंद घेण्याजोगा आहे.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने एक चमत्कारिक वाट मोकळी ठेवली. प्रकृतीचे रक्षण व पोषण यासाठी मद्याची आवश्यकता असलेल्यास परवाना मिळू लागला. १९५१ च्या बालसरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा मुख्य भाग वैध ठरविला आणि मद्यार्कयुक्त औषधी व प्रसाधनद्रव्ये यांपुरती बंदी रद्द केली. ‘परमिट’ हा शब्द मराठीत रुळला तो या व्यवस्थेतून, आणि पुढे ‘परमिट रूम’ हा सामान्य शब्द होऊन गेला. म्हणजे महाराष्ट्रात मितपान हे वैद्यकीय सत्य म्हणून सिद्ध होण्यापूर्वीच कायदेशीर कल्पित म्हणून अस्तित्वात आले. डॉक्टरच्या दाखल्यापर्यंत पोहोचू शकणारा माणूस प्रकृतीसाठी पिणारा ठरला. हातभट्टीची पिणारा गुन्हेगार ठरला.

मद्रासमध्ये १९४८ साली संपूर्ण इलाख्यात बंदी आली. करुणानिधी यांच्या शासनाने १९७१ मध्ये ती उठविली, तेव्हा ब्याण्णव वर्षांच्या राजाजींनी तिला विरोध केला. पुढे बंदी व सूट यांची आवर्तने झाली. १९८३ मध्ये ‘टास्मॅक’ हे शासकीय महामंडळ स्थापन झाले आणि २००३ मध्ये किरकोळ विक्रीही त्याच्याकडे गेली. १९८७ पासून तमिळनाडूत ताडीवर बंदी आहे. बिअर मात्र शासनाच्याच दुकानात मिळते. जवळजवळ सारख्याच मद्यांशाची दोन पेये : एक झाडावरून उतरविणारा आरोपी होतो, दुसऱ्याची बाटली विकणारा शासकीय संस्थेचा नोकर असतो. या भेदाचे समर्थन भेसळ आणि नियंत्रण यांच्या आधारे करता येईल. आरोग्यदृष्ट्या योग्य मात्रेच्या आधारे ते करता येत नाही.

५

वैद्यकाची स्वतःची वाटचालही सरळ नाही. रेमंड पर्ल यांनी १९२६ मध्ये बेताने पिणाऱ्यांचे आयुर्मान न पिणाऱ्यांपेक्षा कमी नसल्याचे मांडले. १९८१ मध्ये मार्मट व सहकाऱ्यांनी मद्य आणि मृत्यू यांच्या संबंधाची वक्ररेषा दाखविली, तीत न पिणारे आणि अति पिणारे दोघेही वरच्या टोकांना होते. १९९२ मधील फ्रेंच आहाराविषयीच्या लेखाने ही कल्पना लोकप्रिय केली. परंतु १९८८ मध्येच शेपर यांनी एक मूलभूत शंका उपस्थित केली होती : न पिणाऱ्यांच्या गटात आजारामुळे दारू सोडलेले लोक असतील, तर तो गट आरंभापासूनच अधिक रोगी असणार. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याची गणना माणसांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या घटकांत केली.

‘इंटरहार्ट’ या बावन्न देशांतील अभ्यासाच्या दक्षिण आशियाविषयीच्या २००७ मधील विश्लेषणात मद्याचा हृदयाला होणारा तो लाभ आढळला नाही. २०१९ मध्ये चीनमधील सुमारे पाच लाख लोकांच्या अभ्यासात जनुकीय पद्धतीने तपासणी केली असता, मितपानाने पक्षाघात टळतो हे दिसले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये कोणतीही मात्रा पूर्णतः निर्धोक नसल्याचे जाहीर केले. तथापि वाद संपलेला नाही. २०२४ च्या अखेरीस अमेरिकेतील राष्ट्रीय अकादमींच्या अहवालाने मितपान करणाऱ्यांत एकूण मृत्यूचे प्रमाण कमी आढळल्याचे नोंदविले, त्याचबरोबर स्त्रियांतील स्तनाच्या कर्करोगाचा वाढलेला धोकाही नोंदविला.

या साऱ्या अभ्यासांतील ‘एक पेला’ म्हणजे साधारणपणे ८ ते १४ ग्रॅम शुद्ध मद्यार्क. ब्रिटनमध्ये ८, अमेरिकेत १४. चेन्नईच्या दुकानात हे माप अस्तित्वातच नाही. तेथे ६५० मिलिलिटरची बिअरची बाटली मिळते. मद्यांश ५ टक्के असल्यास तीत सुमारे २६ ग्रॅम मद्यार्क असतो, आणि ८ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बिअरमध्ये सुमारे ४१. ‘क्वार्टर’ म्हणजे १८० मिलिलिटर. ४२.८ टक्के मद्यांशाने तो सुमारे ६१ ग्रॅम भरतो. दोघांनी वाटून घेतलेल्या क्वार्टरला तेथील बोलीत ‘कटिंग’ म्हणतात. मुंबईत त्याच शब्दाने अर्धा चहा मागवितात. चेन्नईतील अर्धा म्हणजे सुमारे ३० ग्रॅम, म्हणजेच अमेरिकी मापाने दोन पेल्यांहून अधिक. काटकसरीने निर्माण केलेले हे माप मितपानाचा भास निर्माण करते. प्रत्यक्षात ते खिशाचे माप आहे, शरीराचे नव्हे.

६

वैद्यकातील अलीकडचा कल पाहून, कुरळ आणि ‘एकच प्याला’ यांनी जे सांगितले तेच अखेर खरे ठरले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळणे आवश्यक आहे. पहिल्या पेल्यानंतर दुसरा अटळ आहे, असे वैद्यक म्हणत नाही. पहिल्या पेल्याचा अपाय लहान असतो, पण बहुधा शून्य नसतो, आणि तो मात्रेबरोबर वाढत जातो, इतकेच ते म्हणते. सुधाकराची शोकांतिका ज्याच्या वाट्याला कधीच येणार नाही, अशा माणसालाही हा अपाय लागू होतो. उलटपक्षी, घरातील पैसा, कर्ज आणि मार खाणारी स्त्री यांची नोंद कोणत्याही वक्ररेषेवर होत नाही. ती सिंधूच्या आणि पार्वतीच्या कथेतच होते.

उताराची भाषा मात्रेच्या भाषेची जागा घेऊ शकत नाही आणि मात्रेची भाषा उताराची. पहिलीवर भर दिला की कायदा गरिबाच्या हातातील मडके फोडतो. दुसरीवर भर दिला की तो सुस्थिताच्या हाती परवाना देतो. मद्रास आणि मुंबई यांच्या इतिहासात हे दोन्ही घडले. प्राचीन कवितेत अदियमानाचे मद्य किती, यापेक्षा ते कोणाला मिळाले हे महत्त्वाचे होते. विसाव्या शतकातील कायद्यांनी तोच प्रश्न कायम ठेवला, फक्त त्यातील औदार्य नाहीसे झाले.