महिला विद्यापीठ, भारतीय : परदेशांशी संबंध

भारतीय महिला विद्यापीठ : स्त्रियांना मातृभाषेतून उच्च शिक्षण देणारे भारतातील पहिले विद्यापीठ. महर्षी धोंडो केशव कर्वे (१८ एप्रिल १८५८ – ९ नोव्हेंबर १९६२) यांनी ते १९१६ मध्ये पुणे येथे स्थापन केले. पुढे ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ या नावाने प्रसिद्धीस आले. या विद्यापीठाची कल्पना जपानमधील एका संस्थेवरून सुचली, त्याला स्थैर्य देणाऱ्या देणगीमागेही त्याच संस्थेचे दर्शन होते आणि त्याचे संस्थापक वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्याची माहिती देण्यासाठी जगभर हिंडले. महाराष्ट्रातील एका शिक्षणसंस्थेचा परदेशांशी आलेला संबंध कोणत्या स्वरूपाचा होता आणि त्यातून तिने काय घेतले व काय नाकारले, हे या विद्यापीठाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

पार्श्वभूमी : मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. परीक्षा घेणे व पदव्या देणे हे त्याचे मुख्य कार्य होते आणि उच्च शिक्षणाचे माध्यम इंग्रजी हेच होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या विद्यापीठाची दारे स्त्रियांना खुली झाली आणि कॉर्नेलिया सोराबजी या त्याच्या पहिल्या स्त्री-पदवीधर ठरल्या. तथापि ज्या घरांत मुलींची लग्ने लहान वयातच होत, तेथील मुलींना आधी परकी भाषा आत्मसात करून मग तीतून सर्व विषय शिकणे जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे पदवीपर्यंत पोहोचणाऱ्या स्त्रियांची संख्या अत्यल्प राहिली.

परदेशी साहाय्याने स्त्रीशिक्षणाचे कार्य करण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात यापूर्वी झाला होता. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत व्याख्याने देऊन सहानुभूती मिळविली व बॉस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळाच्या आधारावर १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन सुरू केले. हे सदन पुढील वर्षी पुण्यास आले. परंतु तेथील विधवा मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ मध्ये मोठा वाद उद्‌भवला आणि अनेक हिंदू हितचिंतकांनी सदनाशी असलेले संबंध तोडले. याच सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी विवाह केला. परदेशाकडून मिळालेल्या मदतीमुळे कार्य उभे राहते, परंतु त्या मदतीबरोबर येणाऱ्या संशयामुळे ते समाजापासून तुटूही शकते, हा धडा त्यांना जवळून पाहावयास मिळाला. कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० मध्ये तो पुण्याजवळील हिंगणे येथे नेण्यात आला. त्याची उभारणी त्यांनी मुख्यतः एतद्देशीयांच्या लहानलहान वर्गण्यांवर केली, यामागे हा अनुभवही असावा.

कर्वे यांचा स्वतःचा शिक्षणासाठीचा झगडाही उल्लेखनीय होता. कोकणातील मुरूड गावाहून १८७५ च्या सुमारास ते एका सार्वजनिक परीक्षेसाठी भर पावसात घाट चढून सु. १७५ किमी. पायी चालत साताऱ्यास गेले. परंतु वय लहान दिसते या कारणावरून त्यांना परीक्षेस बसू देण्यात आले नाही. परीक्षा व मान्यता देणाऱ्या यंत्रणेचा निर्णय सामान्य विद्यार्थ्याच्या आयुष्यावर किती परिणाम करतो, याचा हा त्यांचा पहिला अनुभव होय. पुढे त्यांच्या हिंगण्याच्या संस्थेने सातारा व वाई येथेही कन्याशाळा चालविल्या.

जपानचा आदर्श : राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या डिसेंबर १९१५ मधील मुंबई अधिवेशनाचे अध्यक्षपद कर्वे यांच्याकडे आले. भाषणाची तयारी करीत असताना टोकिओ येथील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली. स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ ही कल्पना त्यांना या पुस्तिकेवरून सुचली आणि अध्यक्षीय भाषणात त्यांनी ती मांडली.

टोकिओच्या या संस्थेचे संस्थापक जिन्झो नारुसे (१८५८–१९१९) हे कर्व्यांचे समवयस्क होते. त्यांनी १८९० ते १८९४ या काळात अमेरिकेत राहून तेथील स्त्रीशिक्षणाचा अभ्यास केला, १८९६ मध्ये स्त्रीशिक्षणावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९०१ मध्ये आपली संस्था स्थापन केली. गृहशास्त्र, जपानी वाङ्‌मय व इंग्रजी वाङ्‌मय हे तिचे आरंभीचे विभाग होते. स्त्रीला प्रथम माणूस म्हणून, नंतर स्त्री म्हणून आणि त्यानंतर राष्ट्राची नागरिक म्हणून शिक्षण द्यावे, असे नारुसे यांचे सूत्र होते. म्हणजे ज्याला कर्वे यांनी जपानी आदर्श मानले, त्याची बीजे काही अंशी अमेरिकेतील महिला महाविद्यालयांत होती. तेथील कल्पना जपानी भाषेत व जपानी कुटुंबव्यवस्थेत रुजविताना त्यांचे स्वरूप बदलले आणि या बदललेल्या रूपात त्या पुण्यास पोहोचल्या.

जपानच्या उदाहरणाचे महत्त्व दोन कारणांनी होते. एक म्हणजे, एक आशियाई राष्ट्र आपल्या भाषेतून उच्च शिक्षण देऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले. दुसरे म्हणजे, रशियावरील १९०५ च्या विजयानंतर जपानविषयी भारतात आदराची भावना होती. त्यामुळे त्याचे अनुकरण हे राज्यकर्त्यांचे अनुकरण ठरत नव्हते. शारदा सदनाला भोवलेला धर्मांतराचा संशयही येथे उद्‌भवण्याचे कारण नव्हते.

स्थापना व स्वरूप : विद्यापीठाच्या नियामक सभेची पहिली बैठक जून १९१६ मध्ये पुण्यात भरली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे कुलपती व रँग्लर र. पु. परांजपे हे कुलगुरू झाले. हिंगणे येथे सुरू झालेल्या महाविद्यालयात आरंभी केवळ पाच विद्यार्थिनी होत्या. मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम, इंग्रजी हा आवश्यक विषय आणि स्त्रियांच्या जीवनाशी निगडित असलेले आरोग्यशास्त्र, गृहव्यवस्था यांसारखे विषय, ही अभ्यासक्रमाची वैशिष्ट्ये होत. घरी अभ्यास करून परीक्षेस बसण्याची सवलतही ठेवण्यात आली. पदव्यांना ‘गृहीतागमा’ व ‘प्रदेयागमा’ अशी संस्कृत नावे देण्यात आली. उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ हैदराबाद येथे १९१८ मध्ये स्थापन झाले. देशी भाषांतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा पुण्याचा उपक्रम त्याच्याही आधीचा होय.

या योजनेवर दोन्ही बाजूंनी टीका झाली. मुलामुलींना एकच शिक्षण मिळाले पाहिजे, असे मानणाऱ्या सुधारकांना स्त्रियांसाठी निराळा अभ्यासक्रम म्हणजे त्यांना दुय्यम स्थान देणे होय, असे वाटे. या आक्षेपात तथ्य होते. कारण गृहिणी व माता ही भूमिका गृहीत धरूनच अभ्यासक्रमाची आखणी झाली होती. दुसऱ्या बाजूस, इंग्रजी आवश्यक ठेवणे महात्मा गांधींना मान्य नव्हते. मातृभाषेच्या माध्यमाला मात्र त्यांचा पाठिंबा होता. इंग्रजीच्या बाबतीत कर्वे यांनी आपला आग्रह सोडला नाही. मातृभाषेतून ज्ञान घ्यावे, पण जगाकडे उघडणारी खिडकी बंद करू नये, असा त्यामागील विचार होता.

सर्वांत मोठी अडचण मान्यतेची होती. सरकारी सनद नसल्याने या पदव्यांना नोकरीच्या बाजारात किंमत नव्हती. प्रस्थापित विद्यापीठाची पदवी मिळू शकणाऱ्या मुलीने ती सोडून येथे का यावे, या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड होते. विशेष म्हणजे जपानमधील आदर्श संस्थेचीही स्थिती अशीच होती. तिच्या नावात विद्यापीठ असले, तरी कायद्याच्या दृष्टीने तिला अनेक दशके विशेष शाळेचाच दर्जा होता; विद्यापीठाचा दर्जा तिला दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये मिळाला.

ठाकरसी देणगी : मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी हे १९१९–२० मध्ये जगप्रवासास गेले असता त्यांनी टोकिओचे महिला विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले. परत आल्यावर १९२० मध्ये त्यांनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ कर्व्यांच्या विद्यापीठास १५ लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठास नाथीबाईंचे नाव देण्यात आले. पुस्तिकेतून सुचलेल्या कल्पनेला अशा प्रकारे प्रत्यक्ष पाहणीतून आर्थिक बळ लाभले. देणगीबरोबर काही अटीही आल्या. विद्यापीठाचे केंद्र पुण्याकडून मुंबईकडे सरकत गेले व १९३६ मध्ये त्याचे मुख्य कार्यालय मुंबईस आले. विद्यापीठाचा व्याप यामुळे वाढला. मराठीबरोबर गुजराती माध्यमालाही त्यात महत्त्वाचे स्थान मिळाले.

परदेशप्रवास : आश्रमाच्या कार्यासाठी परदेशी जाण्याचा पहिला मान कर्वे यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांच्याकडे जातो. विधवा असलेल्या पार्वतीबाई इंग्रजी शिकण्याच्या व निधी जमविण्याच्या हेतूने १९१८ मध्ये अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी प्रसंगी लोकांच्या घरी घरकाम करून निर्वाह केला. त्यांचे ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र जस्टिन ॲबट यांनी इंग्रजीत आणल्यामुळे १९३० पासून अमेरिकन वाचकांनाही उपलब्ध झाले.

स्वतः कर्वे मार्च १९२९ मध्ये इंग्लंडला निघाले. माल्व्हर्न येथील प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेस ते उपस्थित राहिले आणि लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये भारतातील स्त्रीशिक्षणावर त्यांचे व्याख्यान झाले. जुलैअखेर जिनीव्हा येथे भरलेल्या जागतिक शिक्षण परिषदेत त्यांनी स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या भारतीय प्रयोगाची माहिती दिली. त्यानंतर ८ ते २१ ऑगस्ट या काळात डेन्मार्कमधील एल्सिनोर येथे नवशिक्षण चळवळीच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यास ते हजर होते. मारिया माँटेसरी यांच्या अनुयायांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषदही याच मेळाव्याच्या वेळी तेथे झाली. अमेरिकेत अनेक ठिकाणी व्याख्याने देऊन ते जपानला गेले आणि ज्या संस्थेच्या पुस्तिकेवरून चौदा वर्षांपूर्वी आपल्या कार्याची प्रेरणा घेतली होती, ती त्यांनी अखेर पाहिली. नारुसे यांचे निधन त्यापूर्वी दहा वर्षे झाले होते. एप्रिल १९३० मध्ये कर्वे स्वदेशी परतले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते आफ्रिकेस निघाले. केन्या, युगांडा, टांगानिका, झांझिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका व दक्षिण आफ्रिका या प्रदेशांत सु. पंधरा महिने हिंडून त्यांनी विद्यापीठाच्या कार्याची माहिती दिली. या दोन प्रवासांत एक मूलभूत फरक होता. यूरोप-अमेरिकेत त्यांचे श्रोते मुख्यतः शिक्षणतज्ज्ञ होते, तर आफ्रिकेत तेथे स्थायिक झालेला भारतीय समाज त्यांच्यापुढे होता. पहिल्या प्रवासातून विद्यापीठाचे नाव जगातील शिक्षणक्षेत्रास परिचित झाले. दुसऱ्यात परदेशस्थ भारतीयांना मायदेशातील एका संस्थेशी नाते जोडता आले.

मान्यता व नंतरचा काळ : स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई राज्याच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्यानुसार या विद्यापीठास १९५१ मध्ये वैधानिक दर्जा प्राप्त झाला आणि लेडी प्रेमलीला ठाकरसी या वैधानिक विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. टोकिओ व मुंबई येथील या दोन्ही संस्थांना कायदेशीर मान्यता अशा रीतीने अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने लाभली. मुंबईच्या विद्यापीठास त्यासाठी पस्तीस वर्षे आणि टोकिओच्या संस्थेस सत्तेचाळीस वर्षे वाट पाहावी लागली. कर्वे यांना १९५८ मध्ये, त्यांच्या शंभराव्या वर्षी, ‘भारतरत्न’ हा किताब देण्यात आला.

स्त्रियांना वेगळे शिक्षण असावे, या गृहीतावरचा जुना आक्षेप विद्यापीठात पुढे निराळ्या स्वरूपात विचारात घेतला गेला. नीरा देसाई (१९२५–२००९) यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये येथे स्त्रीअभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले. भारतीय विद्यापीठांतील अशा प्रकारचे ते पहिले केंद्र होय. याच सुमारास भारतातील स्त्रियांच्या स्थितीविषयीचा शासकीय समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि संयुक्त राष्ट्रांनी १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून पाळले. स्त्रीअभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद १९८१ मध्ये याच विद्यापीठात भरली. स्त्रीने काय शिकावे हा १९१६ मधील प्रश्न होता. स्त्रीविषयी समाजाने आजवर काय गृहीत धरले हा प्रश्न या केंद्राने अभ्यासाचा विषय केला.

मूल्यमापन : या विद्यापीठाच्या परदेशसंबंधांचे मोल विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीत किंवा करारांच्या संख्येत मोजता येणार नाही, आरंभीच्या काळात तशी साधने त्याच्याजवळ नव्हतीच. एक पुस्तिका, एका उद्योगपतीचा प्रवास, एका विधवेचे परमुलखातील कष्ट आणि एका वृद्ध शिक्षकाची व्याख्याने एवढ्याच या संबंधांच्या कड्या होत. लंडनच्या धर्तीवर चाललेल्या शिक्षणाला टोकिओचे उदाहरण हा पर्याय होऊ शकतो, हे कर्वे यांनी ओळखले. आदर्श घेताना त्यांनी स्वतंत्र संस्था व मातृभाषा ही तत्त्वे स्वीकारली. पदव्यांची नावे, बहुभाषिक माध्यम व बाहेरून परीक्षेस बसण्याची सोय ही येथील गरजेनुसार योजिली. गृहिणीपदाला दिलेले प्राधान्य ही या आदर्शाची मर्यादा होती आणि ती ओलांडण्याचे कार्य विद्यापीठाच्या पुढील पिढ्यांना करावे लागले. तथापि ज्या घरांतील मुलींना इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयाचा उंबरठा कधीच ओलांडता आला नसता, अशा असंख्य स्त्रियांना पदवीपर्यंत नेणारा मार्ग यातूनच निर्माण झाला, हे या संबंधांचे चिरस्थायी फलित होय.