शालेय परसबागेत सावलीतील बहुवर्षायू पिके: हळद आणि अळू

परभणी जिल्ह्यात शाळेच्या आवारात कडुलिंबाखाली वांगी-टोमॅटो लावले तर फळे कमी लागतात. विरळ सावलीची ही जागा हळदीला द्यावी. दाट सावलीत मात्र पाला माजतो, कंद भरत नाहीत. भारी काळ्या जमिनीत पाणी साचून कंद कुजतात, म्हणून गादीवाफा करावाच. जूनमध्ये शाळा उघडताच मुलांकडून बेणे ४-५ सेंमी खोल लावून घ्यावे, वर पालापाचोळा पसरावा. काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये येते; लावणाराच वर्ग कंद खणतो. थोडे कंद जमिनीतच ठेवावेत, ते पावसाळ्यात पुन्हा फुटतात. उन्हाळी सुटीत पाणी कोण घालणार, हा प्रश्न त्यामुळे उरत नाही.

अळू नळाच्या सांडपाण्याजवळ लावावे. पानांतील कॅल्शियम ऑक्झॅलेटमुळे घसा खाजतो. मुलांना कच्चे पान चावू देऊ नये, भाजी चिंच घालून नीट शिजवावी.