विज्ञानाचे देऊळ

विज्ञान हा धर्म होऊ शकेल काय, असा प्रश्न आपल्याकडे व्याख्यानमालांतून वारंवार निघतो आणि बहुधा शब्दांच्या व्याख्येतच जिरून जातो. धर्म म्हणजे काय आणि विज्ञान म्हणजे काय, ह्यावर तास निघून जातो. प्रश्न होता तेथेच राहतो. परंतु श्रोतेहो, हा प्रश्न केवळ तर्काचा नाही. एका मनुष्याने तो प्रत्यक्ष करून पाहिला आहे, आणि त्या प्रयोगाचा इतिहास कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक बोलका आहे.

त्याचे नाव ऑग्यूस्त काँत. जन्म 1798, माँपेल्ये येथे. 1830 ते 1842 ह्या काळात त्याने आपल्या प्रत्यक्षार्थवादी तत्त्वज्ञानाचे सहा खंड प्रसिद्ध केले. मानवी बुद्धी प्रथम देवतांच्या इच्छेने, नंतर अमूर्त तत्त्वांनी आणि अखेर निरीक्षणाने सिद्ध झालेल्या नियमांनी सृष्टीचा उलगडा करते, हा त्याचा सुप्रसिद्ध तीन अवस्थांचा सिद्धांत. गणितापासून समाजशास्त्रापर्यंतची शास्त्रांची चढती मांडणी त्याचीच. पॅरिसमधील कामकऱ्यांसाठी तो कित्येक वर्षे खगोलशास्त्रावर विनामूल्य व्याख्याने देत असे. अशा पुरुषाच्या हातून धर्मस्थापना व्हावी, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते.

निमित्त घडले एका मृत्यूचे. 1844 साली त्याची क्लोतिल्द द व्हो ह्या पतीने टाकलेल्या स्त्रीशी ओळख झाली. 1846 च्या एप्रिलमध्ये ती क्षयाने गेली. काँत तिच्या खुर्चीपुढे बसून दिवसातून तीनदा प्रार्थना करू लागला. कोणी ह्यास वेड म्हणेल. मला मात्र येथे त्याच्या बुद्धीची प्रामाणिकता दिसते. नियम जाणणाऱ्या मनुष्यालाही शोक होतो, आणि शोकाला विधी लागतो, हे त्याने स्वतःपासून लपविले नाही. पुढे त्याने जे उभारले ते मात्र एका माणसाच्या शोकापुरते राहिले नाही.

1849 मध्ये त्याने नवे पंचांग केले. वर्षाचे महिने तेरा, प्रत्येकाचे दिवस अठ्ठावीस. उरलेला एक दिवस सर्व मृतांच्या स्मरणाचा. महिन्यांना मोझेस, होमर, आर्किमिडीज, शेक्सपिअर, देकार्त अशी नावे, आणि प्रत्येक दिवस कोणा ना कोणा थोर पुरुषाचा. पहिल्या महिन्यात बुद्ध, कन्फ्यूशियस व महंमद ह्यांनाही मानाचे स्थान आहे. परमेश्वराच्या जागी 'मानवता' ही आराध्य देवता आली. आपल्या सोळा संस्कारांची आठवण व्हावी असे जन्मापासून मरणोत्तर सन्मानापर्यंतचे नऊ संस्कार आले, पुरोहितवर्ग आला, दीडशे पुस्तकांची ग्रंथसूची आली, 1852 मध्ये प्रश्नोत्तररूप धर्मपुस्तिका निघाली. आणि मानवतेचा महापुरोहित? तो अर्थात स्वतः काँतच.

लित्रेसारखा विद्वान शिष्य येथे गुरूपासून दूर झाला. मिलने त्याच्या शास्त्रीय कार्याचा गौरव करून ह्या उत्तरार्धाविषयी खेद व्यक्त केला. हक्स्लेने तर, हा ख्रिस्त वगळलेला रोमन पंथ आहे, अशा आशयाचा टोमणा मारला, आणि तो इतका नेमका होता की काँतच्या अनुयायांना तो अखेरपर्यंत बोचत राहिला.

परंतु ह्या धर्माची खरी परीक्षा फ्रान्समध्ये झाली नाही. ती ब्राझीलमध्ये झाली. तेथे मिगेल लेमोस आणि रायमुंदो तैशैरा मेंदेस ह्यांनी काँतच्या धर्माचा मठच स्थापन केला. 15 नोव्हेंबर 1889 रोजी राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक आले, त्याच्या अग्रणींपैकी बेंजामिन कोन्स्तांत हा काँतचा भक्त होता. चार दिवसांनी स्वीकारलेल्या राष्ट्रध्वजाची कल्पना तैशैरा मेंदेसची. त्यावरील 'सुव्यवस्था आणि प्रगती' हे शब्द काँतच्याच सूत्रातले. मूळ सूत्रात आरंभी 'प्रेम' होते, ते ध्वजावर येताना गळाले! ह्याच पंथातील रोंदोन ह्या सेनाधिकाऱ्याने पुढे अरण्यवासी जमातींच्या रक्षणासाठी आयुष्य वेचले, हेही नमूद केले पाहिजे. पोर्तुगालमध्ये 1910 च्या राज्यक्रांतीनंतर हंगामी सरकारचा प्रमुख झालेला तेओफिलु ब्रागा हाही प्रत्यक्षार्थवादीच होता. आणि त्या प्रजासत्ताकाने गोव्यातील हिंदूंना समान नागरिकत्वाचा दरवाजा उघडला, म्हणून ह्या दूरच्या फ्रेंच तत्त्वज्ञाचे थोडेसे ऋण आपल्या माणसांवरही आहे.

आता दुसरी बाजू पाहा. 1904 मध्ये रिओ दे जानेरोत देवी टोचून घेण्याची सक्ती करणारा कायदा झाला. ओस्वाल्दो क्रूझ हा आरोग्याधिकारी त्याचा पुरस्कर्ता. नोव्हेंबरात शहरात दंगल उसळली, माणसे मेली, कायदा मागे घ्यावा लागला. दंगलीला गरिबांची घरे पाडल्याचा संताप आणि राजकारणी डावपेच अशी अनेक कारणे होती; परंतु कायद्याच्या विरोधात लेखणी चालविणाऱ्यांत ध्वजकर्ता तैशैरा मेंदेस अग्रभागी होता. सरकारने कोणाच्या देहावर व मतावर बळजबरी करू नये, हा त्याचा आक्षेप विचारार्ह आहे. तेवढ्यावर तो थांबला असता तर प्रश्न नव्हता. पण रोगजंतूंचा सिद्धांतच त्याच्या मठाला मान्य नव्हता. काँत 1857 मध्ये निवर्तला. पाश्चरचे रोगजंतूंविषयीचे कार्य त्यानंतरचे. गुरूच्या ग्रंथांत जे नव्हते ते शिष्यांना शास्त्र वाटेना. 1908 मध्ये रिओत देवीची साथ आली, आणि तिने हजारो बळी घेतले.

विज्ञान हा धर्म होऊ शकेल काय, ह्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळते. विज्ञानाचे निष्कर्ष घेऊन धर्म रचता येतो. काँतने तो रचून दाखविला. मात्र रचल्या क्षणी ते निष्कर्ष गोठतात, आणि ते मोडण्याची जी मुभा विज्ञानाचा प्राण आहे ती देवळाबाहेर राहते. काँतने स्वतःच तिला बाहेर ठेवले होते. 1838 पासून 'मेंदूचे आरोग्य' म्हणून त्याने इतरांचे नवे लेखन वाचणे जवळजवळ सोडून दिले. व्रत म्हणून हे शोभेल. संशोधकाला कसे शोभावे? शिस्त, निष्ठा, सत्यासाठी कष्ट सोसण्याची तयारी हे गुण दोन्हींत सारखे आहेत, आणि त्या साम्यामुळेच ही गल्लत होते असे मला वाटते. विज्ञान माणसाला मेलेल्याचे सांत्वन देत नाही. ते त्याचे काम नव्हे, आणि ते काम करणाऱ्या धर्माला त्याने हिणवावे असेही नव्हे.

काँतच्या एका विधानाची कथा सांगून थांबतो. तारे कोणत्या द्रव्याचे बनले आहेत हे मानवाला कधीही कळणार नाही, असे त्याने 1835 साली लिहिले होते. त्याच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी हायडेलबर्गला किरखोफ आणि बुन्सेन ह्यांनी वर्णपटावरून मूलद्रव्ये ओळखण्याची रीत शोधली. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात आपल्या गुंटूरला जान्सेनने सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला; त्यातील एका पिवळ्या रेषेवरून लॉकियरने इंग्लंडात नव्या मूलद्रव्याची कल्पना केली. (त्या वर्षी लॉकियर विजयदुर्गावर होता, ही आपल्याकडील समजूत खरी नाही, तो तेथे आला 1898 च्या ग्रहणाला.) ते हीलियम 1895 मध्ये रॅमझेला पृथ्वीवरच्या खनिजात सापडले. काँतच्या पंचांगात आधुनिक विज्ञानाला एक संपूर्ण महिना दिलेला आहे; त्यात किरखोफ आणि बुन्सेन ह्यांचा दिवस नाही.