निर्मिक, निसर्ग आणि बुद्धी : एका जुन्या वादाचा इतिहास

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे भरलेल्या वैदिक संमेलनाच्या निमित्ताने तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा उत्क्रांतिसिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे विधान केले. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचे कोठेही नमूद नाही, माणूस पृथ्वीवर आरंभापासून माणूस म्हणूनच आहे आणि अभ्यासक्रमात त्यानुसार बदल व्हायला हवा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. दोन-तीन दिवसांतच दिल्ली, बंगळुरू आणि अलाहाबाद येथील तीन राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून या विधानाला शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट केले. खात्याचे कॅबिनेट मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही आपल्या सहकाऱ्याला अशी विधाने टाळण्यास सांगितले.

शासकीय पातळीवर प्रकरण तेथे मिटले. लोकचर्चेत मात्र त्याला निराळे वळण लागले. विधान चूक की बरोबर यापेक्षा विधान करणाऱ्याच्या बुद्धीचीच चर्चा अधिक झाली. ज्याला उत्क्रांती पटत नाही आणि जो ईश्वरनिर्मित सृष्टीवर विश्वास ठेवतो तो मंदबुद्धीच असणार, असा टीकेचा सूर होता. वस्तुतः सिंह यांनी दिल्ली विद्यापीठात रसायनशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले होते. भारतीय पोलीस सेवेची परीक्षा उत्तीर्ण होऊन ते मुंबईचे पोलीस आयुक्तही झाले होते. आपण विज्ञानाचाच माणूस आहोत, असे सांगून त्यांनी आपल्या पदवीचा दाखलाही दिला.

येथे दोन तर्क समोरासमोर उभे राहतात. ‘हा सृष्टिकर्ता मानतो, म्हणून हा बुद्धिहीन’ हा पहिला. आणि ‘हा बुद्धिमान आहे, म्हणून याचे म्हणणे खरे’ हा दुसरा. वरवर परस्परविरोधी दिसणारे हे तर्क एकाच चुकीतून जन्मतात. दोहोंतही माणसाची बुद्धी आणि त्याच्या विधानाची सत्यता यांची गल्लत आहे. ही गल्लत किती जुनी आणि किती फसवी आहे, हे पाहण्यासाठी मराठी मुलखाचाच इतिहास पुरेसा आहे.

वेरूळच्या डोंगरात

ज्या शहरात हे विधान झाले त्या शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर वेरूळची लेणी आहेत. एकंदर ३४ लेण्यांपैकी पहिली १२ बौद्ध, पुढची १७ हिंदू आणि शेवटची ५ जैन. एका डोंगरात शेजारी शेजारी कोरलेल्या या तीन परंपरांचे सृष्टीच्या उगमाविषयी मात्र एकमत नव्हते. बौद्धांनी जगत्कर्ता ईश्वर नाकारला, जैनांनी विश्व अनादि मानले. वैदिक परंपरेतही एकवाक्यता नव्हती. वेद प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांना आणि जुन्या सांख्यांना सृष्टिकर्त्याची गरज वाटली नाही, नैयायिकांना वाटली. ऋग्वेदातील नासदीय सूक्त तर सृष्टीच्या उगमाचे ज्ञान कोणाला असू शकेल काय, अशी शंका घेऊनच संपते.

नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात जैन आचार्य जिनसेन यांनी ‘महापुराणा’त कर्तावादाचा कठोर समाचार घेतला. सृष्टीच्या आधी कर्ता कोठे उभा होता? साहित्याविना त्याने जग घडवले कसे? साहित्य आधीपासून असेल तर ते कोणी घडवले? कर्ता स्वयंभू असू शकतो, तर मग जगच स्वयंभू का नसावे? असे प्रश्न विचारताना सृष्टिकर्ता मानणाऱ्यांची बुद्धी काढण्यासही आचार्य चुकले नाहीत. म्हणजे २०१८ साली ऐकू आलेला उपहास या भूमीला किमान अकराशे वर्षांपासून परिचित होता.

त्यानंतर शे-दीडशे वर्षांनी मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ रचून विरुद्ध बाजू मांडली. घट आहे तेथे कुंभार असतो. जग हेही घटासारखेच कार्य आहे, तेव्हा त्यालाही कर्ता असला पाहिजे, ही नैयायिकांची युक्ती त्यांनी प्रतिपक्षाचे आक्षेप एकेक करून खोडत पुढे नेली. भारतीय तर्कशास्त्राच्या अभ्यासकांना हा ग्रंथ आजही टाळता येत नाही. जिनसेनांचा निष्कर्ष पटो अथवा उदयनांचा, दोघांपैकी एकालाही बुद्धिहीन म्हणण्याचे धाडस त्यांचे ग्रंथ वाचणारा करणार नाही. सृष्टीला कर्ता आहे की नाही, याचे उत्तर तीक्ष्ण बुद्धीच्या माणसांनी दोन्ही बाजूंनी दिलेले आहे.

एकाच काळातील तिघे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच प्रश्न महाराष्ट्रात नव्या रूपाने उभा राहिला. १८५९ साली डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. मिल आणि स्पेन्सर यांचे विचार महाविद्यालयीन तरुण आवडीने वाचत होते. त्या काळच्या पुण्यात तीन असामान्य पुरुष वावरत होते आणि सृष्टिकर्त्याविषयी तिघांची मते तीन प्रकारची होती.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) हे मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. अर्थशास्त्र, इतिहास आणि न्यायशास्त्र या तिन्ही क्षेत्रांत त्यांनी आपला ठसा उमटवला. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे ते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर आधारस्तंभ होते. विश्वाला चालवणारी मंगल ईश्वरी शक्ती आहे, ही रानड्यांची श्रद्धा होती आणि सुधारणेचे बळ त्यांना तिच्यातूनच मिळत असे.

गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांनी ती श्रद्धा स्वीकारली नाही. जे ज्ञेयाच्या पलीकडे आहे त्याविषयी ठाम विधान करू नये, ही त्यांची अज्ञेयवादी भूमिका होती. देवदेवतांच्या कल्पना आदिमानवाच्या भीतीतून, स्वप्नांतून आणि अज्ञानातून कशा उपजल्या असाव्यात, याचा ऊहापोह त्यांनी केला. १८८८ साली सुरू केलेल्या ‘सुधारका’तून ते बुद्धिप्रामाण्याचा पुरस्कार करीत राहिले आणि १८९२ पासून अखेरपर्यंत फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

तिसरे महात्मा जोतीराव फुले (१८२७–१८९०). सृष्टिकथेची सर्वांत झोंबरी थट्टा त्यांनीच केली. १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’त ब्रह्मदेवाच्या मुखातून, बाहूंतून, मांड्यांतून आणि पायांतून चार वर्ण जन्मले, या कथेला त्यांनी साध्या, व्यवहारी प्रश्नांनी जेरीस आणले. पण याच जोतीरावांचा सृष्टिकर्त्यावर विश्वास होता. त्याला ते ‘निर्मिक’ म्हणत. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तका’त त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. सर्व स्त्री-पुरुषांना एकाच निर्मिकाने निर्माण केले आहे. म्हणून सर्वांचे अधिकार समान आहेत आणि निर्मिक व माणूस यांच्यामध्ये दलालाची गरज नाही.

फुल्यांच्या उदाहरणातून ‘सृष्टिनिर्मितीवरील श्रद्धा’ ही एकजिनसी गोष्ट नाही, हे स्पष्ट होते. एका सृष्टिकथेने माणसामाणसांत उच्चनीच भाव रुजवला होता, तर दुसऱ्या सृष्टिकल्पनेने त्याच उच्चनीचतेवर घाव घातला. केवळ ‘हा निर्माता मानतो’ एवढ्यावरून फुले आणि त्यांचे कडवे विरोधक एकाच रांगेत बसतील आणि आगरकर दुसऱ्या. प्रत्यक्षात स्त्रीशिक्षण आणि जातिभेद या प्रश्नांवर फुले व आगरकर एका बाजूला होते. माणसाची बुद्धी आणि विवेक त्याने श्रद्धेच्या आधारे कोणते निष्कर्ष काढले आणि कोणते नाकारले, यात दिसतो. श्रद्धा असण्या-नसण्यात दिसत नाही.

धर्मगुरू आणि नास्तिक

विसाव्या शतकात सजीवांच्या उत्पत्तीबरोबर विश्वाच्या उत्पत्तीचाही प्रश्न विज्ञानाच्या कक्षेत आला. या पर्वात तर बुद्धी आणि श्रद्धा यांच्याविषयीचे प्रचलित समज पुरते उलटे झाले. विश्व प्रसरण पावत आहे आणि त्याला कालारंभ आहे, ही कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. तिला विरोध करणारे केंब्रिजचे फ्रेड हॉइल नास्तिक होते. १९४९ साली रेडिओवरील व्याख्यानात लमेत्र यांच्या सिद्धांताला ‘बिग बँग’ हे नाव हॉइल यांनीच दिले. विश्वाला आरंभ नाही, असे मानणाऱ्या हॉइल यांच्या स्थिरस्थिती सिद्धांताचे सर्वांत तेजस्वी तरुण पाठीराखे होते कोल्हापुरात जन्मलेले जयंत विष्णु नारळीकर.

१९६५ साली विश्वातील सूक्ष्मलहरींच्या पार्श्वप्रारणाचा शोध लागला आणि बहुसंख्य शास्त्रज्ञांचा कौल महास्फोटाच्या बाजूने गेला. धर्मगुरूचे गणित जिंकले ते तो धर्मगुरू होता म्हणून नव्हे, पुरावा त्याच्या बाजूने आला म्हणून. त्याआधी १९५१ साली पोप बारावे पायस यांनी महास्फोटात ईश्वरी निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा ती सांगड लमेत्र यांना मानवली नाही. आपली श्रद्धा आणि आपले समीकरण यांची सरमिसळ होऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. इकडे नारळीकरांनी बहुमत विरोधात गेल्यावरही आपली भूमिका शास्त्रीय युक्तिवादानेच लढवली आणि आयुष्यभर मराठीतून विज्ञानाचा प्रसार केला. श्रद्धेच्या बाबतीत लमेत्र आणि हॉइल यांच्यात मोठे अंतर होते. पुराव्याशी प्रामाणिक राहण्याची शिस्त मात्र एकच होती.

आकडे काय सांगतात

बुद्धी आणि धर्मश्रद्धा यांचा संबंध मानसशास्त्रज्ञांनी मोजूनही पाहिला आहे. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाचे मिरॉन झुकरमन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली अशा ६३ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांपैकी ५३ अभ्यासांत बुद्धिमापन चाचणीतील गुण आणि धार्मिकता यांचे नाते व्यस्त आढळले, १० अभ्यासांत सम. हा निष्कर्ष नाकारण्याचे कारण नाही. पण त्याचे वजन ओळखणे आवश्यक आहे. सरासरी सहसंबंध उणे ०.२४ च्या आसपास होता. अशा सहसंबंधाने माणसामाणसांतील फरकाचा सुमारे सहा टक्के भाग उलगडतो, उरलेला चौऱ्याण्णव टक्के नाही. शिवाय यांतील बहुतेक अभ्यास पाश्चात्त्य, मुख्यतः अमेरिकी समाजातील होते. गणपतीची आरती म्हणून प्रयोगशाळेत जाणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञाविषयी त्यांवरून फारसे काही सांगता येत नाही. समूहाच्या सरासरीवरून समोर बसलेल्या एका विद्यार्थ्याची बुद्धी ठरवणे हे तर कोणत्याही परिस्थितीत अशास्त्रीय होय.

दिल्ली आणि दहावीचा वर्ग

हा वाद केवळ विद्वानांचा राहत नाही, कारण तो शेवटी वर्गात येऊन पोहोचतो. स्वतंत्र भारताच्या शालेय शिक्षणाचा आराखडा दिल्लीत ज्या आयोगाने आखला, त्या १९६४–६६ च्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंह कोठारी हे दिल्ली विद्यापीठातील थोर भौतिकशास्त्रज्ञ. जैन संस्कारांत वाढलेल्या कोठारींची वृत्ती आध्यात्मिक होती. विज्ञान आणि अध्यात्म यांत त्यांना वैर दिसले नाही. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित सर्वच विद्यार्थ्यांना अनिवार्य असावे, अशी शिफारस या आयोगाने केली. पुढे १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधकबुद्धी यांचा विकास करणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरले.

या पार्श्वभूमीवर २०२३ ची घटना महत्त्वाची ठरते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातील ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातून उत्क्रांतीचा भाग वगळला. प्रकरण केवळ ‘आनुवंशिकता’ एवढेच उरले. परिषदेने दिलेले कारण धार्मिक नव्हते. करोनाकाळानंतर विद्यार्थ्यांवरील भार हलका करणे हे होते. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती कायम राहिली. तरीही १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी निषेधाच्या पत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. सर्वांना समान विज्ञान शिकवणारे शेवटचे वर्ष दहावी हेच होय. अकरावीत वाणिज्य, कला किंवा गणित घेणारा विद्यार्थी जीवशास्त्राकडे पुन्हा फिरकत नाही. उत्क्रांती म्हणजे ‘माकडाचा माणूस झाला’ एवढेच नव्हे, माकड आणि माणूस यांचे पूर्वज समान होते, ही साधी दुरुस्तीही मग त्याच्या कानी पडत नाही. त्याच्या बुद्धीत न्यून नसते. त्याला ती गोष्ट कोणी नीट सांगितलेलीच नसते.

शाळेपुढचे काम यातून स्पष्ट होते. घरी देव्हारा असलेल्या मुलाला ‘देव मानतोस म्हणजे तू मागासलेला’ असे सुचवणारा शिक्षक त्या मुलाला विज्ञानाच्या जवळ आणत नाही. तो त्याला घर आणि शाळा यांतून एकाची निवड करायला लावतो, आणि अशा वेळी मूल बहुधा घराचीच निवड करते. दुसरीकडे, कोणाच्या भावना दुखावतील म्हणून उत्क्रांती घाईघाईने उरकणारा शिक्षकही मुलावर अन्यायच करतो. जीवाश्म कसे वाचतात, जनुकांतील साम्य काय सांगते, पुरावा बदलला की मत का बदलावे लागते, हे प्रत्येक मुलाला पूर्णपणे शिकण्याचा अधिकार आहे. ते शिकल्यावर निर्मिकाला हात जोडायचे की नाही, हे त्याने स्वतः ठरवायचे.

रानडे, आगरकर आणि फुले यांनी परस्परांच्या मतांवर टीका केली, कधी कठोर टीका केली. पण ती मुद्द्यांवर केली. तीच सवय विद्यार्थ्यांना लागली, तर सत्यपाल सिंहांसारखे विधान पुन्हा कानी पडेल तेव्हा ते वक्त्याची पदवी किंवा त्याची श्रद्धा विचारणार नाहीत. आधी पुरावा मागतील.